चाळीस बाय साठच्या प्लॉटवर परवडणारे सहा फ्लॅट : सातबाऱ्यापासून भोगवट्यापर्यंत

जळगाव घ्या, धुळे घ्या, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार घ्या, गावातल्या जुन्या कॉलन्यांमधे चाळीस बाय साठ नाहीतर तीस बाय पन्नास फुटांचे प्लॉट असतात. त्यावर वडिलांच्या काळातलं एकमजली घर, मागं मोरी आणि लिंबाचं झाड, आणि आता वाटेकरी तीन. घर विकून बायपासच्या पलीकडं जायचं का त्याच जागेवर छोटी बिल्डिंग बांधायची, हा प्रश्न बऱ्याच घरात चालू आहे. माझं मत आधीच सांगते, बांधा. शाळा, दवाखाना, भाजीबाजार, रिक्षा सगळं पायाशी असलेल्या जागेत सहा कुटुंबं राहू शकत असतील तर तेच खरं परवडणारं घर. लांबचा फ्लॅट दोन लाखानं स्वस्त मिळतो पण पुढची वीस वर्षं पेट्रोलमधे ते पैसे जातातच.

आमच्या घरच्या प्लॉटवर हे काम मी पहिल्या कागदापासून भोगवट्यापर्यंत, म्हणजे राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला हातात येईपर्यंत, स्वतः उभं राहून केलंय, नंतर नात्यातल्या आणि ओळखीच्या लोकांच्या बिल्डिंगचे प्लॅनपण करत आले. त्यामुळं कुठं गोंधळ होतो ते सांगू शकते. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, घर स्वस्त होतं ते कागदावर, खड्डा खणायच्या आधी. एकदा कॉलम उभे राहिले की नंतर वाचवायला फक्त लोखंड आणि सिमेंट उरतं, आणि तिथं कधीच वाचवायचं नसतं.

१. सुरुवात हप्त्यापासून करा

बहुतेक लोक आधी प्लॅन काढतात, मग खर्च काढतात, मग त्या भावाला गिऱ्हाईक शोधत फिरतात. हे उलटं करा. तुमच्या फ्लॅटमधे कोण राहणार आहे? एमआयडीसीतला सुपरवायझर, शाळेतले सर, दुकानात काम करणारा, रेल्वेतून रिटायर झालेले काका? त्याला महिन्याला किती हप्ता झेपतो ते आधी विचारा.

हिशोब सोपा आहे. साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत धरली तर एक लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. ज्याचा पगार २५,००० आहे त्याला १०,००० च्या वर हप्ता झेपत नाही, म्हणजे त्याचं कर्ज साडेअकरा लाखाच्या आसपास. ज्या घरात दोघं कमावतात आणि मिळून ४५,००० येतात तिथं अठरा हजारांचा हप्ता निघतो, कर्ज वीस लाखाच्या थोडं वर जातं. आता यात त्याची स्वतःची शिल्लक मिळवा आणि त्यातून स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, वीज मीटर, पंखे-ट्यूब हे वजा करा. जो आकडा राहिला तो तुमच्या फ्लॅटचा भाव. त्या भावातून जागेचा वाटा काढा, उरलेल्याला तुमच्याकडच्या बांधकामाच्या दरानं भागा, किती चौरस फुटाचा फ्लॅट देता येईल ते समोर येतं. तो साडेचारशे फूट आला तर साडेचारशेचाच चांगला प्लॅन करा, उगाच सातशेचा काढून कॉलम बारीक करू नका.

पंतप्रधान आवास योजना शहरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, ती खरेदी करणाऱ्यांना समजावून सांगा. वर्षाला ३ लाखापर्यंत उत्पन्न, ३ ते ६ आणि ६ ते ९ लाख असे तीन गट आहेत. घराची किंमत ३५ लाखापर्यंत आणि कर्ज २५ लाखापर्यंत असेल तर व्याजावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजार सबसिडी हप्त्याहप्त्यानं मिळते. कुटुंबाच्या नावावर देशात कुठंच पक्कं घर नको. सबसिडी मिळेलच असं धरून मात्र भाव ठरवू नका, ती आली तर त्या कुटुंबाला वरचा आधार.

२. प्लॉटचे कागद एका फाईलमधे लावा

हे सगळं जमल्याशिवाय आर्किटेक्टला ॲडव्हान्स देऊ नका:

- सातबारा उतारा, सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्ड
- खरेदीखत, आणि त्याच्या मागची सगळी खरेदीखतं
- मंजूर ले-आऊटचा नकाशा आणि एनए (बिगरशेती) ऑर्डर
- सरकारी मोजणीचा नकाशा, नवीनच असावा
- झोन दाखला, म्हणजे विकास आराखड्यात प्लॉट कशासाठी दाखवलाय त्याचा
- घरपट्टी-पाणीपट्टीची चालू पावती, थकबाकी निल
- वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा)
- वडील वारले असतील तर वारस नोंद, आणि सगळ्या वारसांची संमती रजिस्टर केलेली
- कोणी बाहेरगावी असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र

बहिणींची संमती ही खानदेशात नेहमी मागं राहणारी गोष्ट. "ताई काही मागणार नाही" असं घरात सगळे म्हणतात, ताई पण म्हणते, पण कायद्यानं तिचा वाटा आहे आणि बँकेचा वकील पहिलं तेच विचारतो. ताईला बसवून सरळ विचारा, तिला फ्लॅट हवा का पैसे हवे का खरंच सोडायचंय, आणि जे ठरेल ते आधी रजिस्टर करा. हक्कसोडपत्र स्लॅब पडल्यावर करायला गेलात तर नाती पण ताणली जातात आणि काम पण थांबतं.

दुसरा सापळा गुंठेवारीचा. शेतातून तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल, ले-आऊट मंजूर नसेल तर परवानगीला अडचण येते. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करायची सोय झाली. तुमचा प्लॉट त्यात बसत असेल तर आधी ते करून घ्या, मग पुढचं. आणि झोन दाखल्यावर रस्ता रुंदीकरणाची रेघ प्लॉटमधून जाते का ते डोळ्यात तेल घालून बघा, चाळीस फुटातले पाच फूट रस्त्यात गेले तर सगळा प्लॅन बदलतो.

३. नियमात किती बसतं ते काढा

मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली आहे, यूडीसीपीआर. जळगाव-धुळे महापालिकेलाही तीच आणि नगरपालिकांनाही तीच. पूर्ण वाचायची गरज नाही पण एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते), समास (भोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंगचे तक्ते स्वतः बघा, एजंटच्या तोंडी गणितावर जाऊ नका.

दाट वस्तीच्या गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१० आहे. त्यावर राहत्या इमारतीला ६० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे जोडीचा, एफएसआय प्रीमियम (शुल्क) भरून घेता येतो, कारण आता जिना, बाल्कनी, पॅसेज सगळं एफएसआयमधे धरतात. चाळीस बाय साठ म्हणजे २४०० चौरस फूट. २४०० गुणिले १.१० म्हणजे २६४०, त्यात साठ टक्के वाढवले की ४२२४ चौरस फूट. रस्ता रुंद असेल तर प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) पण मिळतो, पण लहान बिल्डिंगला त्याच्या मागं लागू नका. जास्त मजले म्हणजे लिफ्ट, जास्त पार्किंग, जास्त लोखंड, आणि घर परवडेनासं होतं.

समजा समास सोडून तीस बाय पंचेचाळीस राहिलं, म्हणजे १३५० फुटाचा मजला. खाली पार्किंग, वर तीन मजले, बेरीज ४०५०. मजल्यावर दोन फ्लॅट म्हणजे सहा. जिना-भिंती काढून एका फ्लॅटचं कार्पेट पाचशे-सव्वापाचशे निघतं, दोन लहान बेडरूम किंवा एक ऐसपैस बेडरूम बसतेच.

आणखी एक पर्याय मला फार आवडतो. मजला १३५० ऐवजी १२८० चा करा, तीन मजले मिळून ३८४० होतात, आणि ४२२४ मधले ३८४ फूट खाली मागच्या बाजूला उरतात. तिथं एका खोलीचं घर बसवा, जिना न चढता. घरातल्या आजी-आजोबांसाठी, नाहीतर भाड्यानं. सात घरं झाली तरी गल्लीला बिल्डिंगचा बोजा वाटत नाही. फक्त पार्किंगचा तक्ता परत तपासा.

आता रेराबद्दल, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याबद्दल. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर रेरा नोंदणी लागत नाही. आपला प्लॉट २२३ चौरस मीटरचा, म्हणजे सूट. पण सूट आहे म्हणून सुपर बिल्टअप (जिना-पॅसेजचा वाटा मिळवून फुगवलेलं क्षेत्रफळ) सांगून फ्लॅट विकू नका, रेरातलं कार्पेटच सांगा, म्हणजे आतल्या भिंतींसकट वापरता येणारी जागा, बाहेरची भिंत, डक्ट (पाईपांची उभी पोकळी) आणि बाल्कनी सोडून.

४. खड्डा खणून माती बघा

तापी, गिरणा, पांझरा, सगळीकडं काळी माती. कपाशीला सोनं आहे, पायाला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात तशाच त्या तुमच्या फुटिंगखालीही (कॉलमच्या पायाखाली) पडतात. मग प्लिंथजवळ (जोत्याजवळ) आडवी चीर, दरवाजा घासायला लागतो, टाईल्स उचलतात.

प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यात जेसीबीनं खड्डे घ्या, मुरूम किती फुटावर लागतो बघा, आणि मातीची टेस्ट करून एसबीसीचा (माती किती भार पेलते त्याचा) रिपोर्ट स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्या. कठीण मुरूम लवकर लागला तर तिथपर्यंत जाऊन साधं फुटिंग. फार खोल असेल तर इंजिनिअर अंडर-रीम्ड पाईल (खाली फुगवटा असलेले खोल काँक्रीटचे खांब) सांगेल, नाव ऐकून घाबरू नका, काळ्या मातीसाठीच ती पद्धत आहे. "शेजारच्यांनी पाच फूट घेतलं, आपण पण पाच" हे चालत नाही, एकाच गल्लीत जुना नाला बुजवलेला असतो.

प्लिंथमधे भराव मुरमाचाच टाका. खोदलेली काळी माती फुकट आहे म्हणून ठेकेदार तीच परत ढकलतो, तिथं उभं राहा आणि ट्रॉलीत भरून बाहेर पाठवा. बिल्डिंगभोवती तीन फुटाची फरशी उताराने करा म्हणजे पावसाचं पाणी पायाकडं जात नाही.

५. प्लॅन : पैसे इथं वाचतात

सरळ चौकोन ठेवा. बाहेर काढलेला प्रत्येक कोपरा म्हणजे जास्तीचा कॉलम, जास्तीचं प्लास्टर, जास्तीचा रंग, आणि तिथूनच पाणी मुरतं. एलेवेशनच्या नावाखाली जे पडदे आणि बॉक्स काढतात त्यांना मी सरळ नाही म्हणते. समोरचा शोभेचा खर्च वाचवून खिडकीला चांगलं छज्जं द्या.

दोन्ही फ्लॅट एकमेकांचे आरसे करा. मधे जिना, डाव्या-उजव्या हाताला दरवाजे, पॅसेज शून्य. दोन्हीकडचे संडास-बाथरूम पाठीला पाठ लावून एका डक्टवर, स्वयंपाकघराची मोरी पण त्याच डक्टकडं. वरच्या मजल्यावर तेच, तिसऱ्यावर पण तेच. मग पाईप सरळ खाली येतो, चेंबर कमी लागतात, आणि दहा वर्षांनी कुठं गळालं तर माणूस डक्टमधे शिरून दुरुस्त करू शकतो. त्यासाठी डक्ट निदान तीन फूट रुंद ठेवा आणि खाली दरवाजा द्या. दीड फुटाचा डक्ट कागदावर छान दिसतो, पण त्यात प्लंबर जाणार कसा?

जिना नीट समजून घ्या कारण लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे जिनाच सगळं काही. मजल्याची उंची दहा फूट धरली तर सहा इंचाच्या वीस पायऱ्या. जागा वाचवायला साडेसात इंचाच्या सोळा करतात, आणि मग गुडघे दुखणारी बाई तिसऱ्या मजल्यावरून भाजीला खाली उतरणंच सोडून देते. पायरी दहा इंच रुंद, जिना चार फूट, दोन्ही बाजूचे लँडिंग धरून आठ बाय साडेपंधरा म्हणजे १२४ चौरस फूट जातात. जाऊ द्या. मधल्या लँडिंगला जाळी ठेवा, उजेड-वारा येतो, दिवसा लाईट लावायची वेळ येत नाही.

आतल्या घराबद्दल थोडं. पाचशे फुटात हॉल मोठा दाखवायच्या नादात स्वयंपाकघर सहा बाय सात करून टाकतात. आपल्याकडं भाकरी थापायची असते, कळणा-बाजरीचे डबे असतात, वर्षाचा गहू भरलेला असतो, कोठीला जागा लागते. ओटा आठ फूट आणि त्याच्यासमोर बसून काम करता येईल एवढी जमीन मोकळी ठेवा. दारांचे आणि खिडक्यांचे साईज सगळ्या बिल्डिंगमधे तीनच ठेवा, एकदम ऑर्डर देता येते. फरशीला शहाबादी किंवा कोटा वापरला तरी चालतं, उन्हाळ्यात पायाला गार लागतो.

गच्ची सगळ्यांची. मार्च-एप्रिलमधे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड वाळायला लागतात, मे महिन्यात रात्री झोपायला लागते, थंडीत भरीत पार्टी होते. म्हणून गच्चीवर एक नळ, एक सिमेंटचा ओटा, आणि साडेतीन-चार फुटाचा कठडा. ती कुणा एकाला विकू नका, वरच्या मजल्याच्या फ्लॅटला "टेरेस राईट" म्हणून जोडू नका. सहा घरांचं आपसातलं जमणं या एका जागेवर अवलंबून असतं असं मी बघत आलेय.

६. उन्हाळ्याचा प्लॅन वेगळा बसून करा

आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो. पुण्याच्या आर्किटेक्टचा प्लॅन उचलून जळगावात बांधला की पश्चिमेची बेडरूम भट्टी होते. पश्चिम बाजूला जिना, डक्ट, संडास-बाथरूम, कपाटांच्या भिंती टाका, राहायच्या खोल्या उत्तर आणि पूर्वेला. प्लॉट उलट्या तोंडाचा असेल तर पश्चिमेच्या खिडक्या लहान करा, दोन फुटाचं छज्जं आणि बाजूला उभी पट्टी द्या.

प्रत्येक खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतीत उघडं पाहिजे, एकच मोठी खिडकी असून वारा फिरत नाही.

आता कूलर. खानदेशातल्या प्रत्येक घरात कूलर लागतो हे माहीत असून प्लॅनमधे त्याची जागा कुणी दाखवत नाही, मग लोक खिडकीचं ग्रिल कापतात, बाहेर लोखंडी स्टँड ठोकतात, कूलरचं पाणी खालच्यांच्या भिंतीवरून ओघळतं आणि तिथून भांडणं. तुम्ही आधीच ठरवा. हॉलच्या आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीजवळच्या बाल्कनीत कूलरला दोन बाय अडीच फुटाचं उघडं, खाली आरसीसीची छोटी पट्टी, बाजूला नळ, पाणी जायला पाईप, आणि तिथंच सोळा अँपिअरचा नाही तरी सहा अँपिअरचा वेगळा पॉईंट. समोरच्या भिंतीत वर झरोका ठेवा, ओली हवा बाहेर गेली तरच कूलर काम करतो.

सगळ्यात वरचा मजला सगळ्यात तापतो आणि तोच फ्लॅट विकायला जड जातो. स्लॅबवर वीटबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून वर पांढऱ्या चायना मोझेकचे (चिनीमातीच्या टाईल्सचे) तुकडे लावा, वॉटरप्रूफिंग पण होतं आणि ऊन परत फेकलं जातं. जुन्या धाब्याच्या घरात जाड मातीचं छत असायचं, दुपारी खालची खोली गार, तेच काम आता हा थर करतो. पत्र्याचं शेड नंतर टाकू असं म्हणून हे टाळू नका, ते शेड परवानगीत नसतं.

७. पाणी

जळगावला वाघूर धरणातून पाणी येतं, पण धरण भरलेलं असलं तरी नळ रोज येत नाही. खानदेशातल्या कितीतरी गावात नळाला दोन-तीन दिवसांआड, कुठं त्याहून जास्त खाडा. टाकी त्या हिशोबानं काढा.

सहा घरं, घरटी पाच माणसं, तीस माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर रोजचे ४०५० लिटर. तिसऱ्या दिवशी पाणी येत असेल तर १२,१५०, उन्हाळ्यात कूलरचे रोज घरटी पन्नास लिटर वेगळे, आणि एखादी पाळी चुकली तर? २०,००० लिटरचा हौद लागतो. बारा बाय दहा, पाण्याची खोली सहा फूट. हा पार्किंगखाली, फुटिंगपासून लांब, आणि भिंती आरसीसीच्याच. विटांचा हौद काळ्या मातीच्या दाबानं फुटतो आणि तेच पाणी पायाखाली मुरतं. तुमच्या गावात आठवड्यानं पाणी येत असेल तर हौद त्या प्रमाणात वाढवा किंवा बोअरची सोय धरा.

वरची टाकी जिन्याच्या टपावर सावलीत ठेवा, प्रत्येक फ्लॅटला वेगळा व्हॉल्व्ह. पावसाचं पाणी सोडू नका: १३५० चौरस फूट गच्ची म्हणजे १२५ चौरस मीटर, वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलीमीटर, थोडं वाया धरलं तरी सत्तर हजार लिटर मिळतं. ते गाळून बोअरमधे सोडा.

८. खालचं पार्किंग आणि भूकंप

तापीचं खोरं भूकंपाचा धोका असलेल्या पट्ट्यात मोडतं. वर भिंतींनी भरलेले तीन मजले आणि खाली नुसते कॉलम, अशी बिल्डिंग हलली की खालूनच बसते, २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादला पार्किंगवरच्या कितीतरी बिल्डिंग अशाच गेल्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्पष्ट विचारा, खालच्या मजल्याचे कॉलम मजबूत केलेत का, जिन्याभोवती किंवा कोपऱ्यात आरसीसीची भिंत धरली का, रिंगा (उभ्या सळ्यांभोवतीच्या लोखंडी कड्या) आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या मानकाप्रमाणे आहेत का. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा जवळजवळ आणि हूक १३५ अंशात आत वळवलेले पाहिजेत. मिस्त्री ९० अंशात वाकवून मोकळा होतो. हे तुम्हाला कंपासशिवाय नुसत्या डोळ्यांनी दिसतं, काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी जाऊन बघा.

कॉलम वरच्या खोल्यांप्रमाणे ठेवले आणि खाली गाडी वळत नाही, असं फार होतं. आधी खाली गाड्या काढा, एका गाडीला अडीच बाय पाच मीटर, मग कॉलम बसवा, मग वरच्या भिंती.

९. परवानगी

लायसन्सधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत ऑनलाईन फाईल जाते. बांधकाम परवाना एक वर्षाचा असतो, वाढवत वाढवत एकूण चार वर्षांपर्यंत जातो, तारीख लिहून ठेवा. प्लिंथ झाला की तपासणी करून घ्या आणि तो दाखला मिळाल्याशिवाय वर जाऊ नका. मंजूर नकाशाच्या बाहेर अर्धा फूट पण वाढवू नका, भोगवटा अडकतो, भोगवटा अडकला की खरेदीदाराचं कर्ज अडकतं आणि शेवटी तुमचेच पैसे अडकतात. "आधी बांधा, नंतर दंड भरून होईल" असं सांगणारा माणूस सही करायच्या वेळी सापडत नाही.

१०. ठेकेदार आणि साईट

करार लेखी. लेबर रेटनं का मटेरियलसकट, मोजमाप कुठून कुठपर्यंत, कोणत्या टप्प्याला किती पैसे, सगळं. पैसे कामाच्या मागं ठेवा, पुढं जाऊ देऊ नका.

विटा भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या राखेच्या, म्हणजे फ्लाय ॲशच्या, मिळतात, आकार एकसारखा असल्यामुळं प्लास्टर कमी लागतं. बाहेर नऊ इंची, आत चार इंची. वाळू घेताना पावती आणि वाहतूक पास मागा, बिनपासची वाळू साईटवर सापडली तर निस्तरायला मालकालाच लागतं. चांगली धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) मिळत असेल तर ती घ्या. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला, जुन्या कोटेशनवर चालू नका.

पाणी मारणं ही आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि सगळ्यात जास्त कंटाळा पण त्याचाच. कोरड्या उन्हात साध्या ओपीसी सिमेंटला निदान १० दिवस आणि पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १४ दिवस पाणी लागतं असं काँक्रीटचं मानक आयएस ४५६ सांगतं, आणि आपण घेतो ती बहुतेक पीपीसीच असते. स्लॅबवर आळे करून पाणी भरून ठेवा, कॉलमला ओली पोती गुंडाळा. यासाठी एक माणूस वेगळा लावा, त्याच्याकडं दुसरं काहीच काम देऊ नका. आणि शक्य असेल तर मे महिन्यात स्लॅब टाकूच नका, टाकायचाच असला तर पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा.

खर्च कमी करायचा तर पीओपी, एलेवेशन, महागडे नळ, मोठं गेट इथं करा. लोखंड, वॉटरप्रूफिंग, वायर आणि डक्टमधले पाईप यांना हात लावू नका.

११. फ्लॅट नावावर करताना

बांधकाम चालू असताना फ्लॅट विकला आणि तो ९० चौरस मीटर कार्पेटच्या आत, ४५ लाखाच्या आत असेल तर जीएसटी १ टक्का, नाहीतर ५. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकला तर जीएसटी नाही. तुम्हाला स्वतःला नोंदणी लागते का ते सीएला विचारा. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, हे खरेदीदाराला आवर्जून सांगा.

सहा-सात फ्लॅटला डीड ऑफ डिक्लरेशन (कुणाचं काय आणि सामायिक काय ते लिहिलेला दस्त) करून अपार्टमेंट करणं सोपं पडतं, कायदा १९७० चा आहे. त्यात गच्ची, हौद, जिना, पार्किंग सगळ्यांचं म्हणून स्पष्ट लिहा. खालचं पार्किंग वेगळं विकता येत नाही, २०१० साली सुप्रीम कोर्टानं ते सांगितलंय, त्यामुळं "पार्किंगचे एक लाख वेगळे" असं कुणी म्हणत असेल तर तिथंच थांबवा. भावाभावांचेच फ्लॅट असले तरी हे डीड करा.

मोटर आणि जिन्याच्या लाईटसाठी सामायिक मीटर वेगळं घ्या. त्यावर गच्चीत सोलर बसवलं तर पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० सबसिडी आहे, अपार्टमेंटच्या नावानं महावितरणकडं अर्ज करता येतो. दर महिन्याची वर्गणी पहिल्याच मिटिंगमधे ठरवा आणि हौद धुवायची तारीख पण त्याच दिवशी लिहून घ्या, वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या आधी.